शंभर मोजेपर्यंत

पुना, पुनांचे चिरंजीव चिंधा, चिंधांचे भिकन: तिन्ही पिढ्यांनी खानदेशच्या काळ्या खडकात सुरुंग ठासून विहिरी फोडल्या. मंजुळाबाई या भिकन यांची थोरली लेक. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम पिंप्राळा, समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरीही शेजारचा हितेंद्र आपण बनवलेला आरमारी लढाईचा खेळ त्यांच्या मोठ्या टीव्हीवर लावून बसला, तेव्हा त्यांच्या मस्तकात तिडीक उठली.

"थांब! ही तोफ आत्ताच उडाली ना?"

"हो अक्का."

"मग लगेच पुन्हा कशी उडाली? नळी ओल्या बोळ्याने कोणी पुसली? आत ठिणगी राहिली, तर दारू भरणाऱ्याचे हात जातील!"

"अक्का, खेळ आहे हा. वाट पाहायला लावली की माणूस कंटाळतो."

"मग त्याला गोट्या दे खेळायला."

हितेंद्रने कपाळाला हात लावला. दोन वर्षांची मेहनत होती. पुण्याच्या कंपनीने 'लढाई खरी वाटत नाही' म्हणून खेळ एकदा परत पाठवला होता. आज चार वाजता दुसरी आणि शेवटची संधी होती. त्याने शिडांचे कापड, निशाणे, दोरांच्या गाठीसुद्धा जुन्या चित्रांवरून तपासल्या होत्या.

"गाठी मोजल्यास आणि तोफ तशीच सोडलीस! ऊठ, स्वयंपाकघरात चल."

उभा पितळी डबा झाला तोफ, लाटणे झाले दारू ठासायचा गज. ओला फडका फिरव, पिठाची पुरचुंडी सार, चिंधी ठास, लिंबू सोड, पुन्हा ठास. क्रम चुकला की मंजुळाबाई डबा उपडा करत आणि पहिल्यापासून सुरुवात करायला लावत. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "बत्ती दिलीस. उडाली नाही. आता?"

हितेंद्र डब्यात डोकावला. लाटणे मनगटावर बसले.

"मेलास! माझे वडील असेच विझलेली वात पाहायला विहिरीत उतरत होते. तुझे पणजोबा, भटूभाऊ, यांनी त्यांची कंबर धरली. म्हणाले, 'थांब रे भिकन, दारू आजून जित्ती शे. शंभर मोज.' सत्तराला विहीर उडाली. वडील मरेपर्यंत म्हणत, भटूभाऊचं देणं राहिलं. मोज आता. मोठ्याने."

हितेंद्र वैतागून मोजू लागला. तिसावर आवाज मंदावला, पन्नासावर तो एक पाऊल मागे सरला. समोर नुसता पिठाचा डबा होता, पण दुसरीकडे पाहण्याचा धीर होईना.

"अक्का," तो पुटपुटला, "खरी लढाई तर इथे आहे!"

जेवणाचे ताट बाजूला सारून त्याने तोफांची चाल बदलली: पुसणे, भरणे, आणि मधूनच न उडालेली तोफ, पडद्यावर सूचना: 'शंभर मोजा.' घाई करील त्याची तोफ फुटेल.

चार वाजता पुण्याच्या कंपनीतल्या शिल्पाबाई खेळायला बसल्या. फोनवर त्यांची बडबड अखंड चालू होती. मग त्यांची तोफ उडाली नाही आणि शत्रूचे गलबत जवळ येऊ लागले. बडबड थांबली. फोनमधून केवळ मोजणे ऐकू येत होते. अखेर तोफ धडाडली.

"यातलं काहीही बदलू नका," त्या म्हणाल्या. "आम्ही घेतो."

हितेंद्र पाया पडायला वाकला. मंजुळाबाईंनी त्याला खांद्याला धरून उभे केले.

"आधी माझा डबा घास. भटूभाऊंनी माझ्या बापाला थांबवलं, मी त्यांच्या पणतूला. आज ते देणं फिटलं."