नामकोशातल्या खुणा

एका प्रसूतिगृहाच्या कपाटात पडून असलेला मी एक जुना नामकोश आहे. नामकोश म्हणजे नावांचे आणि त्यांच्या अर्थांचे पुस्तक. माझी शिवण उसवली आहे आणि 'क्ष'ची पाने वाळवीने खाल्ली आहेत. पण मित्रांनो, माझ्या पानांवर जे घडले ते मी विसरलेलो नाही. त्यातले काही आठवले की आजही मला कसेसेच होते.

मला लिहिले एका संस्कृतच्या मास्तरांनी. अकरा वर्षे ते शेंगा सोलाव्यात तशी नावे सोलत बसले. 'अनिकेत' सोलले की आतून 'निकेत' निघे, म्हणजे घर. आणि पुढचा 'अ' ते घर काढून घेई. ज्याला घर नाही तो अनिकेत. 'अपर्णा' म्हणजे जी झाडाचे पानसुद्धा खात नाही ती. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला मास्तरांनी बजावले होते, "एक काना इकडचा तिकडे करू नका. नाव चुकलं तर हाक भलत्यालाच ऐकू जाते." कामगार हसला. मास्तर हसले नाहीत.

छापून झाल्यावर मी या प्रसूतिगृहात आलो. बाहेरच्या खोलीत, बाकाशेजारच्या टेबलावर माझी जागा होती. जवळच सुतळीने बांधलेली पेन्सिल असे. आजोबा मला भिंगाखाली धरत. आत्या आणि मावश्या माझ्यावरून हमरीतुमरीवर येत. एका बापाने अपर्णाचा अर्थ मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "हे नाव आमच्या घरी चालायचंच नाही. आमच्याकडे सगळे हादडणारे!" सगळी खोली हसली. मला फार बरे वाटले.

मग एके दिवशी सकाळी, खोलीत कोणी नसताना, माझ्या मिटलेल्या पानांत काहीतरी गार टेकले. पेन्सिलीचे टोक असते तसे. पण पेन्सिल तर टेबलावर होती, मला दिसत होती. ते टोक एका नावाशेजारी हळूच सरकले, आणि तिथे बारीक तिरपी रेघ उमटली.

ती पाहिली आयाबाईंनी. त्या इथे फरशी पुसत, बाळांना न्हाऊ घालत, बाळंतिणींच्या पाठी चोळत. लिहायला-वाचायला त्या मोठेपणी शिकल्या होत्या, आणि कामातून उसंत मिळाली की एकेक अक्षर लावत मला वाचत. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीचे नाव आठवड्याने ठरले. ते नेमके खूण केलेलेच होते. आयाबाईंना वाटले, योगायोग. पण चार-सहा महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, आणि नंतर पुन्हा. मग मात्र खूण दिसताच त्या खोडरबराने ती पुसू लागल्या, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तरीही आईवडील तेच नाव ठेवत.

"कोण करतं रे हे?" त्या मला दबक्या आवाजात विचारत. मला माहीत असते तर सांगितले नसते का?

पुढे एका पावसाळी सकाळी खूण उमटली ती 'अनुजा'शेजारी. त्या दिवशी बाळंत होणारी एकच बाई होती, आणि तिला झाला मुलगा. आयाबाई बाहेर आल्या, माझे पान उघडून उभ्या राहिल्या. मुलीचे नाव, आणि मुलगा कसा? आजवर खूण एकदाही चुकली नव्हती. त्यांनी बोट ठेवून अर्थ वाचला, "अनु म्हणजे मागून. जा म्हणजे जन्मलेली. मागून जन्मलेली. धाकटी बहीण."

त्यांनी मला तसेच उघडे टाकले. मग त्या धावल्याच.

डॉक्टर हात धुऊन बाहेर निघाले होते. पोटातले दाखवणारी यंत्रे तेव्हा आमच्याकडे नव्हती.

"साहेब, पुन्हा एकदा बघा. आत अजून एक आहे."

"आयाबाई, मी तपासलंय तिला."

"माझ्यासाठी बघा. नसलं तर उद्यापासून कामावर येत नाही."

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आत गेले. मला फक्त भिंतीपलीकडचे आवाज ऐकू येत होते. आधी काहीच नाही. मग डॉक्टरांचा बदललेला आवाज, "अरे, देवा! लवकर या सगळ्या!" भांड्यांची आदळआपट. आणि बऱ्याच वेळाने एक अगदी बारीक, चिरका रडण्याचा आवाज.

मुलगी जगली. आईने तिचे नाव अनुजा ठेवले. "तुम्हाला कसं कळलं?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आयाबाई म्हणाल्या, "पोट अजून वर दिसलं." त्या दिवसापासून त्या मला दोन्ही हातांनी उचलत.

वर्षे गेली. लोक नावे फोनवर शोधू लागले. मला कपाटात जुन्या चादरींखाली टाकले. पान उघडले जाईना, खुणाही थांबल्या.

आयाबाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. निरोप घ्यायला म्हणून त्यांनी मला बाहेर काढले, धूळ पुसली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताजी खूण होती. ती 'वत्सला'शेजारी होती.

"हे तर माझं नाव," खूण करणाऱ्या त्या न दिसणाऱ्या हाताला उद्देशून त्या पुटपुटल्या. "मला न्यायला आलात होय?"

इमारतीत ते नाव कोणालाच ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे सगळ्यांनी त्यांना आयाबाईच म्हटले होते. त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग आतून एका बाळंतिणीने हाक मारली, आणि त्या सवयीने उठल्या. ती बाई फार घाबरली होती. आयाबाईंनी दुपारभर तिचा हात सोडला नाही. स्वतःचा हात गार पडला होता, तरी सोडला नाही. दिवस कलताना मुलगी झाली.

संध्याकाळी त्या मला काखेत घेऊन, घरी निघण्याआधी त्या बाईच्या खाटेपाशी गेल्या.

"आयाबाई," ती म्हणाली, "तुमचं खरं नाव काय हो?"

आयाबाईंना पटकन सांगताच येईना. शेवटी त्यांनी सांगितले.

"म्हणजे काय?"

"वत्स म्हणजे वासरू. गाय जशी वासराला चाटते, तशी माया करणारी."

"मग हिचं तेच ठेवू?"

आयाबाई भिंतीला टेकल्या आणि रडल्या. मला कपाटात ठेवायला त्या आल्या, तेव्हा ती खूण त्यांनी पुसली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. घरी सुखरूप आहेत, एवढे मी नर्सबाईंच्या बोलण्यातून ऐकले.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात जी माणसे नुसत्या कामाच्या नावाने ओळखली जातात, त्यांना एकदा त्यांचे खरे नाव विचारा. आणि अर्थही विचारा. सांगायला त्यांना थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा.