परत आलेली कातडी

बोटीनं परदेशी गेलेली कातडी परत आली आणि गाडीचं दार उघडताच ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला जाऊन भडाभडा ओकला. आम्ही कातड्याला मीठ लावणाऱ्या बाया. आमचा जन्म वासात गेलाय, पण त्या दिवशी मीही पदर नाकाला लावला. कातडी कसली, लगदा झाला होता नुसता. तांबडं पाणी गळत होतं आणि आळ्या अशा वळवळत होत्या, की अख्खा ढीग जिवंत वाटावा. शी! अजून आठवलं की घास तोंडात फिरतो.

ही करणी आमच्या शेठची. ताजं कातडं आलं की ते पसरायचं, मांसाच्या बाजूला मूठमूठ मीठ चोळायचं, त्यावर दुसरं कातडं, पुन्हा मीठ. एकदा वापरलेलं मीठ रक्तानं नासतं, ते फेकूनच द्यायचं असतं. पण शेठ सगळ्यांपेक्षा शहाणा. त्यानं शेडमधलं जुनं मीठ झाडून घेतलं, उन्हात वाळवलं नि म्हणाला, "हेच लावा."

माझ्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्या तिखट. त्या म्हणाल्या, "शेठ, हे मीठ तांबडं पडलंय. माल नासंल."

"मीठ कधी नासतं का गं? तू लाव गुमान."

"बोटीवर आठवडेच्या आठवडे शिजणार तो."

"तिकडं पोचल्यावर त्यांचं ते बघतील."

त्यांनी बघितलं. नाक दाबलं, दार लावलं आणि आला तसा माल माघारी धाडला. दात कोरून पोट भरत नसतं, पण शेठला सांगणार कोण?

आता हा नरक टाकायचा कुठं? शेठनं अत्तराचा रुमाल नाकाला लावला आणि शेडमागं खड्डा खणून घेतला. त्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर. सगळी वस्ती तिचंच पाणी पिते.

जाऊबाई खड्ड्यात उतरल्या आणि फतकल मारून बसल्या.

"ऊठ तिथनं," शेठ म्हणाला.

"नाही उठत. ही घाण झिरपून आमच्या पोरांच्या पोटात जाणार."

"अगं, माती सगळं गिळते."

"मग तुमच्या बंगल्यामागची माती काय उपाशी आहे? तिला घाला की."

बाया फिसकन हसल्या. मीही खड्ड्यात उतरले, माझ्यामागं बाकीच्या उतरल्या. शेठचं तोंड एवढंसं झालं.

"उद्यापासून कामाला येऊ नका," तो म्हणाला.

"नाही येत," जाऊबाई म्हणाल्या. "मीठ झाडायला घरच्या मंडळींना बसवा."

ऊन चढलं तशा माश्या घोंगावायला लागल्या. ड्रायव्हर कावला. "शेठ, गाडी रिकामी करा, नाहीतर इथंच सोडून चाललो मी." शेठनं त्याला बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं आणि गाडी वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही खड्ड्यातच बसलो. मग घरी जाऊन अंग खसाखसा घासलं. वास काही गेला नाही, पण विहीर राखल्याचा आनंद होता. जाऊबाईंना तर गल्लीनं डोक्यावरच घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहिरीवर पाणी शेंदत होतो, तेवढ्यात जाऊबाईंचा फोन वाजला. त्यांची लेक डोंगरापलीकडं दिलीय. तिचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

"आई, आमच्या ओढ्यात कुणीतरी गाडीभर घाण ओतून गेलंय. आळ्याच आळ्या नुसत्या. पाणी तांबडं झालंय गं. मला कळायच्या आत माझा बाळ्या ते प्यायला, सकाळपासून ओकतोय."

जाऊबाई फोनमध्येच ओरडल्या,

"त्याला दवाखान्यात ने. आत्ता ने. आणि ते पाणी कुणी तोंडाला लावू नका."

"पण आई, ते आहे तरी काय? तुला ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे," जाऊबाई म्हणाल्या. "मीच मीठ लावलंय त्याला."

मी भरलेली घागर उचलली. हे पाणी आता डोंगर ओलांडून न्यायचं होतं.