पत्त्यांचा बोर्ड

महाविद्यालयातल्या जुन्या संगणकाचा पत्त्यांचा बोर्ड बिघडला आणि इमारतीतल्या निम्म्या खोल्या सापडेनाशा झाल्या. कपाटाएवढं ते यंत्र पुन्हा चालू करायला निवृत्त प्राध्यापिका मंदाकिनी उपळेकर आल्या होत्या. त्यांचे जुने सहकारी विश्राम तांबट शेजारच्या भांडारात स्क्रू आणायला गेले ते परतलेच नाहीत. बाईंनी भांडाराचं दार उघडलं, तर पलीकडे ग्रंथालय. ग्रंथालयाचं दार उघडलं, तरी ग्रंथालयच.

प्रयोगशाळेतला फोन वाजला.

"बाई, मी भांडारातच आहे," विश्राम म्हणाले. "दार उघडलं की पुन्हा भांडारच लागतं."

"बरे आहात ना?"

"बरा आहे. भिंती तेवढ्या जवळ येतायत."

बाईंना नवल वाटलं नाही. प्रोग्रॅमनं मागितलेला पत्ता मेमरीतल्या खऱ्या जागेशी जुळवून देणं, हे त्या बोर्डाचं काम. पत्त्यातला एखादा आकडा शून्यावर अडकला की दोन पत्ते एकाच जागी पोचतात. दुसरी जागा असते, पण तिथं जायला वाट उरत नाही.

त्यांनी चाचणी लावली. चाचणीगणिक आणखी एक दार प्रयोगशाळेतच उघडू लागलं. मग जिनाही तिथंच उतरला. शेवटी खिडकीबाहेरसुद्धा प्रयोगशाळाच दिसू लागली. तिथं एक बाई पाठमोरी बसून बोर्ड तपासत होती. मंदाकिनीबाईंनी चष्मा वर सारला, तसा तिनंही सारला.

बोर्डावरच्या एका चिपचा पाय सुटला होता. त्यांनी फोन उचलला.

"सापडलं. पण डाख लावून पाय जोडायचा तर यंत्र बंद करावं लागेल."

"मग ही खोली?"

"तेवढा वेळ ती कुठंच नसेल."

"आणि मी?"

"या यंत्राची मेमरी चुंबकी कड्यांची आहे, विश्रामराव. वीज गेली तरी ती काही विसरत नाही."

पलीकडून भिंतीला खांदा घासल्याचा आवाज आला.

"करा बंद," विश्राम म्हणाले. "आता मला वळताही येत नाहीये."

बाईंनी किल्ली फिरवली. फोन मुका झाला. दारं, जिना, खिडकी, सगळ्यांच्या जागी कोरी भिंत आली. मेमरीबद्दलचं ते वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात बिनदिक्कत सांगितलं होतं. आज ते खरं निघावं, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं आणि डाख लावला.

किल्ली पुन्हा फिरवली. यंत्राचे सगळे दिवे लागले. भिंतीत दार उमटलं आणि विश्राम बाहेर आले. दोन्ही खांद्यांना चुना लागला होता.

"बाई," ते म्हणाले, "आत आणखी जागा निघालीय."

त्यांच्या मागे भांडार संपतच नव्हतं. उन्हानं भरलेला लांबच लांब व्हरांडा होता आणि त्याला कुणी कधी न पाहिलेली दारं होती. पहिल्या दाराची कडी कुणीतरी आतून काढत होतं.