हौदावर घोडे आणू नका

घोडेवाल्यांच्या संघाची कचेरी म्हणजे चाऱ्याच्या कोठाराला लागून असलेली पत्र्याची एक खोली. त्या खोलीत खिडकीखाली गोणपाट पांघरून बसलेले काळे लोखंडी यंत्र, तो मी. मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेही नसेल. मला सायक्लोस्टाइल म्हणतात. मेणाच्या पातळ कागदावर टाइपरायटरने अक्षरे ठोकायची, तो कागद माझ्या पिंपावर ताणून बसवायचा, आत शाई भरायची आणि मूठ फिरवायची. एका फेरीला एक प्रत निघते.

माझी उमेदीची वर्षे एका शाळेत प्रश्नपत्रिका छापण्यात गेली. तेथे माझ्याकडे कोणी प्रेमाने पाहिल्याचे मला आठवत नाही. नवे यंत्र आल्यावर शाळेने मला बाहेर काढले आणि संघाने उचलून आणले. पहिल्या दिवशी नाकात घोड्यांच्या घामाचा आणि ओल्या भुशाचा वास शिरला. वाटले, संपले आता आपले. पण माझे खरे आयुष्य तेथेच सुरू झाले.

संघाचे पत्रक ताई काढत असे. ताई ही आवारातल्या नालबंदाची मुलगी. आठवडाभर ती एका वकिलाकडे टायपिस्ट होती आणि शनिवारी अर्ध्या सुट्टीला डबा खाऊन थेट माझ्याकडे येई. पत्रकाच्या पुढच्या बाजूला मागण्या असत. गाडीतळावर सावली हवी, ओझ्याला मर्यादा हवी, भर उन्हात दोन तास विश्रांती हवी. मागच्या बाजूला तब्येतीच्या बातम्या असत. खूर चिरला तर काय करावे, पोटात दुखणारा घोडा कसा ओळखावा, जंताचे औषध कोणत्या दिवशी मिळेल.

"पुढं भांडण, मागं औषध," असे म्हणून तिचे वडील हसत. त्यांना वाचनाची गोडी नव्हती. "मला घोड्याचा पाय वाचता येतो, तेवढं पुरे," म्हणत.

पण गावोगावचे घोडेवाले ते पत्रक तबेल्याच्या दाराला खिळ्याने ठोकून ठेवत. हे ऐकले की माझी छाती फुगायची.

आता मी तुम्हाला त्या एका शनिवारची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी आवारावरच गदा आली होती. साठ कुटुंबांचे घोडे जेथे बांधले जात, ती जागा रिकामी करावी असे नगरपालिकेत काही जणांचे म्हणणे होते. घोड्यांमुळे घाण होते, रोगराई पसरते, असा त्यांचा सूर. संघ दोन वर्षे झगडत होता. अर्ज मीच छापले होते. मंगळवारी सभेत निकाल लागणार होता.

आणि त्याच आठवड्यात ताईच्या धाकट्या भावाची पांढरी घोडी आजारी पडली.

शुक्रवारी तिने चंदी तोंडात धरली आणि टाकून दिली. शनिवारी सकाळी जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली, नाकातून पिवळा स्राव वाहू लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. ताप पाहिला, गाठ चाचपली आणि कचेरीत येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

"हा गळ्याचा आजार संसर्गाचा आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक घोडे बरे होतात, पण लहान शिंगरांना जपावं लागतं. घोडी आजच वेगळी बांधा. आणि हौद बंद करा, एकत्र पाणी पाजू नका. उद्या इथं बाजार आहे ना?"

ताई हो म्हणाली. रविवारच्या बाजाराला चाळीस गावांहून घोडे येत. सगळे त्याच एका हौदावर पाणी पीत आणि संध्याकाळी आपापल्या गावी परतत.

"मग बाजार व्हायला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचे घोडे तपासायला गेल्या.

ताईने टाइपरायटर पुढे ओढला. तिने पहिली ओळ ठोकली तोच संघाचे अध्यक्ष आत आले. धिप्पाड माणूस, भरघोस मिशा. सगळे त्यांना मिशीमामा म्हणत. त्यांच्या मागोमाग ताईचा भाऊ होता. त्याने वाकून तिच्या खांद्यावरून ओळ वाचली.

"ताई, हे काय करतेस?"

"बातमी देतेय."

"मंगळवारी सभा आहे," मिशीमामा म्हणाले. "आपणच आपल्या हातानं लिहून द्यायचं की आमच्याकडे रोग आहे? चार दिवस थांब. मंगळवार पार पडला की हवं तेवढं छाप."

"उद्या बाजार आहे, मामा. चार दिवसांनी छापून काय उपयोग?"

"बाजाराचं मी बघतो. घोडी पडद्याआड ठेवतो."

"आणि हौद? पाणी कोणत्या पडद्याआड ठेवणार?"

भावाचा चेहरा पडला होता. "लोक म्हणतील माझ्यामुळं जागा गेली. साठ घरं आहेत गं. मी तोंड कुठं दाखवू?"

भाऊ बोलत होता ते खोटे नव्हते, हे ताईला कळत होते. तरी तिने मान खाली घातली आणि टाइप करायला सुरुवात केली.

मिशीमामांनी तिच्याशी वाद घातला नाही. ते सरळ माझ्याकडे आले. माझ्या मुठीची खीळ त्यांनी काढली, मूठ उपसली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि भावाला घेऊन निघून गेले.

मित्रांनो, मूठ नसलेले यंत्र म्हणजे नुसते लोखंड. माझ्या बाजूला चार बोटे लांबीचा एक चौकोनी दांडा तेवढा उरला. ताईने मेणकागद पिंपावर चढवला, शाई भरली आणि तो दांडा बोटांनी फिरवू लागली. बोटे निसटत होती. तिने पदर गुंडाळून पाहिला, मग तळहातांनी पिंपच ढकलले. अर्ध्या तासात जेमतेम नऊ प्रती निघाल्या, त्यातल्या तीन फाटलेल्या. तिचे हात शाईने माखले, कपाळावर काळे ओघळ आले. बाहेर बाजारासाठी हौद धुण्याचा आवाज येत होता. गावांकडे जाणारी पाचची एस.टी. सुटायला दोन तास राहिले होते. मी मनातल्या मनात सगळी ताकद लावत होतो, पण यंत्राला स्वतःहून कुठे फिरता येते?

तेवढ्यात दारात तिचे वडील उभे राहिले. कमरेला चामड्याचा एप्रन, हातात तापलेला नाल धरण्याची सांडशी. पोराने त्यांना सगळे सांगितले असावे. ताई उठून उभी राहिली.

"बाबा, तुम्हीही थांबवायला आलात का?"

त्यांनी माझा दांडा निरखला. सांडशीच्या जबड्यात तो पकडला आणि दोन्ही हातांनी एक झटका दिला. पिंप फिरले. एक प्रत बाहेर पडली.

"कागद सरळ लाव," ते म्हणाले. "काय लिहिलंय ते वाचून दाखव."

ताईने वाचले. "हौदावर घोडे आणू नका. उद्याचा बाजार रद्द समजावा. आमच्या आवारात संसर्गाचा आजार आला आहे."

"कुणाच्या घोडीला, ते लिहिलंस?"

ताईने त्या ओळीवर बोट ठेवले. "लिहिलंय. आपल्या."

"बरं केलंस. दुसऱ्याच्या दारात संशय नको जायला."

मित्रांनो, सांडशीच्या प्रत्येक झटक्याने माझा दांडा घासला जात होता. मला दुखत होते. पण तीनशे प्रती निघेपर्यंत मी एकदाही अडलो नाही. पाचपासून सातपर्यंत बापलेक एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिले आणि गावोगावी जाणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांच्या हातात गठ्ठे देत राहिले.

रविवारी आवारात बाहेरचा एकही घोडा आला नाही. कोणीतरी कचेरीच्या दारावर शेण फेकले. भावाने ताईशी बोलणे टाकले.

मंगळवारच्या सभेतून ताई परतली ती सरळ कचेरीत वडिलांपुढे बसून सगळे सांगू लागली. एका सदस्याने पत्रक उंच धरून म्हटले होते, "बघा, हे स्वतःच कबूल करतात!" मग डॉक्टरीणबाई बोलल्या. एकाही बाहेरगावच्या घोड्याला लागण झाल्याची खबर नाही, आणि त्याचे कारण तोच कागद आहे, असे त्यांनी सांगितले. आजार आटोक्यात येतो का ते पाहू, म्हणून निकाल सहा आठवडे पुढे ढकलला गेला.

ते सहा आठवडे फार जड गेले. आवारातले सात घोडे आजारी पडले. वेगळ्या बादल्या, वेगळे खरारे, घोड्यागणिक हात धुणे. पांढऱ्या घोडीची गाठ फुटली आणि ती पुन्हा खाऊ लागली. सातांपैकी सहा वाचले. सातवे मिशीमामांचे दोन महिन्यांचे शिंगरू होते.

ते दगावले त्या दुपारी मिशीमामा कचेरीत आले. माझी मूठ टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिहून घे."

"काय, मामा?"

"शिंगरू गेलं म्हणून. दोन दिवस खोकत होतं, मी कुणाला बोललो नाही, तेही लिही."

ताईने लिहून घेतले. अक्षरे ठोकताना ती रडत होती आणि मिशीमामा तिला जोडाक्षर नीट ठोक म्हणून दटावत होते. भावाने त्या दिवशी पहिल्यांदा दारात येऊन विचारले, "शाई आणू का?"

सहा आठवड्यांनी जागा मिळाली, पण पूर्ण नाही. रस्त्याकडची पट्टी गेली आणि वीस घोडे पलीकडच्या मोकळ्या मैदानात हलवावे लागले. आजारी जनावरांसाठी वेगळा गोठा बांधावा, अशी अटही आली. ती अट संघाने आनंदाने पाळली.

त्यानंतर बारा वर्षे मी पत्रक छापले. आता बातम्या फोनवर जातात. माझे पिंप गंजले आहे, रबर चिरले आहे, आणि पावसाळ्यात पत्रा गळतो तेव्हा कोणी मला सरकवत नाही. वाईट वाटते, पण तक्रार नाही. माझा वेग त्या फोनपुढे काहीच नव्हता.

फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या दारात घोडा असो, गाय असो की कुत्रे असो, त्याने अन्न टाकले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि शेजाऱ्यालाही सांगा. लाज वाटेल. लोक काय म्हणतील ही भीतीही वाटेल. तरीही सांगा. पलीकडच्या दावणीला कोणाचे तरी दोन महिन्यांचे शिंगरू बांधलेले असते.