बॉयलरवाल्यांची पाणबुडी

नागपुरात पाणबुडीचं संग्रहालय कशाला, हे मला विचारू नका. भंगारात निघालेल्या एका पाणबुडीवरून दिल्लीच्या बैठकीत मुंबईवाले आणि मद्रासवाले भांडले म्हणे. मग कुणी शहाण्याने नकाशा पसरला आणि सगळ्या समुद्रांपासून सारखंच लांब असलेलं गाव शोधून काढलं, म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती बया तीन तुकड्यांत मालगाडीने आली आणि कोराडीच्या वीजकेंद्रामागच्या माळावर राखेच्या धुळीत आडवी झाली. पुढचं काम हौशी लोकांनी करावं, असं सरकारने कळवलं.

हौशी लोक म्हणजे आम्ही. मी सीताबर्डीच्या शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. तुकडे जोडायला केंद्राच्या वसाहतीतले बॉयलरवाले होते. त्यांचे म्होरके मधुकरराव. जन्मात समुद्र न पाहिलेली ही मंडळी सुटीच्या दिवशी घाम गाळायची, आणि मला ते फार आवडायचं. खलाशांचे बाहुले आम्ही सावनेरच्या कापसाने भरले. त्यातला स्वयंपाकी इतका गुबगुबीत झाला की त्याला उभं करायला दोघं लागायचे.

खरा खलाशी एकच होता, सावनेरचा देवाजी. याच पाणबुडीत त्याने नोकरी केली होती. एकाहत्तरच्या लढाईत तो समुद्राखाली असताना इकडे त्याची आई वारली. बायकोने, अंजनाबाईने, तार केली. उत्तर नाही, माणूस नाही. शेवटी सासूला अग्नी तिनेच दिला आणि गावाने त्यावरून तिला नको नको ते ऐकवलं. देवाजी आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाण्याखाली तार येत नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. पण पोस्टमन जंगलातसुद्धा जातो, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं आणि तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. काही सांगायचंच झालं तर शेजारणीला सांगायची, नाहीतर म्हशीला.

देवाजी पाणबुडीवर राबायचा तो एवढ्यासाठीच. अंजनाबाईला एकदा आत न्यायचं, आपली झोपायची फळी दाखवायची आणि बाहेरचा आवाज आत कसा पोचत नाही ते ऐकवायचं. पुढच्या उन्हाळ्यात, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो तिला आणायला सावनेरला गेला. नेमकी त्याच दिवशी मधुकररावांनी हायड्रो घेतली.

हायड्रो म्हणजे बॉयलरची परीक्षा. दुरुस्ती झाली की बॉयलर आतून पाण्याने गच्च भरायचा आणि सांधे गळतात का ते बाहेरून बघायचं. ही परीक्षा झाल्याशिवाय कुठलंही काम त्यांनी आजवर कुणाच्या हवाली केलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा पाणबुडी तोंडापर्यंत भरलेली होती, नारळ फुटला होता आणि मंडळी पेढे खात होती.

माझा संताप झाला. पाणबुडीने पाणी बाहेर ठेवायचं असतं, आत नाही, असं मी ओरडूनच सांगितलं.

मधुकररावांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "सर, आतलं पाणी बाहेर येऊन नाही राहिलं. मंग बाहेरचं आत कसं जाईन?"

मी पेढा खाल्ला. पाणी काढायचं कसं, याचा विचार कुणीच केला नव्हता. बॉयलरला खाली तोटी असते, हिला नव्हती. तेवढ्यात सावनेरची बस आली.

देवाजी शिडीने वर चढला, त्याच्यामागे मी आणि मधुकरराव. उघड्या झाकणातून त्याने आत बघितलं आणि झाकणाची कड घट्ट धरली. त्याचा चेहरा मला बघवेना. खाली अंजनाबाई पदर खोचून उभी होती, आणि आता फळी नव्हती, शांतता नव्हती, दाखवायला काहीच नव्हतं. तो तिला परत जा म्हणणार होता, पण ती शिडी चढून आलीसुद्धा.

तिने वाकून पाहिलं. काळंभोर पाणी, आणि त्यात तो गुबगुबीत स्वयंपाकी डोळे उघडे ठेवून तरंगत होता. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिने थेट नवऱ्याकडे तोंड केलं.

"इतक्या पाण्यात राहत होते तुमी?"

माझं तोंड उघडलं, कारण माहिती सांगणं माझं काम. मधुकररावांनी मागून माझा दंड धरला.

"हो वं," देवाजी म्हणाला.

"मंग तार कशी पोचन? कागदच तो. विरघळूनच गेला असन. आन् मी तुमाले काय काय बोलली."

तिने खोचलेला पदर सोडला आणि त्याचं डोकं पुसायला घेतलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि त्याचे केस खडखडीत कोरडे होते. तरी ती कानामागून, मानेवरून नीट पुसत राहिली. देवाजी तिच्यापेक्षा बराच उंच. तिचा हात पोचावा म्हणून तो गुडघ्यांत वाकून उभा होता.