भिंतीवरची दहा मिनिटं

त्या रविवारी आरती धनगरवाड्यावर पोचली ती बोलतच. वेल्ह्याला एसटीतून उतरून तासभर चढण चढली, तरी तिला दम लागला नव्हता. भोंगवलीजवळच्या प्रयोगशाळेत ती उंदरांचे डोळे तपासायचं काम करायची, आणि महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"आबा, डोळ्यातली बाहुली मोठी करायचं औषध असतं. एक थेंब घातला की दहा मिनिटांत बाहुली सताड उघडती. मग आतला पडदा, त्यावरच्या शिरा, सगळं कॅमेऱ्यात दिसतं! पांढऱ्या उंदरांचं झकास जमतंय. पण आता काळे आलेत, अन् त्यांचा एकबी फोटो न्हाई. नुसता अंधार."

तिचे वडील बिरू एका मेंढीला गुडघ्यांत धरून बसले होते. तिच्या डोळ्यावर तळहाताची सावली धरायची, काढायची, अन् बाहुली आकसते का ते बघायचं. जनावराची नजर शाबूत आहे का, ते असंच ओळखायचे.

"दहा मिन्टं कुणी सांगितली?"

"भिंतीवर कागद लावलाय."

"उंदरानं वाचलाय का त्यो?"

चुलीपुढं तिची आई कमळाबाई खुदकन हसल्या.

"काळ्या डोळ्यात आवशद मुरायला येळ लागत आसंल, आरते. घड्याळाकडं काय बघती? जनावराकडं बघ."

"आबा, ही मेंढरं न्हाईत," ती फटकन म्हणाली. "तिथं नियम असत्यात."

"बरं बाई, मास्तरीण," म्हणून त्यांनी मेंढी सोडली आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरू कड्याखालच्या सावलीत टेकले, ते उठलेच नाहीत. मेंढरं तेवढी आपणहून वाड्यावर परतली.

तेरावा करून आरती कामावर गेली. "वडील शेतकरी होते ना गं?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सारिका मॅडमनी हळूच विचारलं. नोकरीच्या अर्जात तिनं 'शेती' असंच लिहिलं होतं. तिनं मान डोलावली.

"आज शेवटचं बघू," मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं, तर काळ्या उंदरांचा गट बंद करावा लागेल."

म्हणजे सगळंच संपलं. मधुमेहानं डोळ्याच्या शिरा कशा बिघडतात, हे आपल्यासारख्या काळ्या डोळ्यांत बघायचं, म्हणून तर हे उंदीर मागवले होते.

गुंगीतल्या उंदराच्या डोळ्यात तिनं थेंब सोडला. दहा मिनिटं झाली. बाहुली मोहरीएवढीच.

"झालं टायमिंग," उंदरांची निगा राखणारे कुंडलिक म्हणाले. "ठेवू का माघारी?"

"थांबा, दादा."

तिनं घड्याळाकडं पाठ केली. डोळ्यावर तळहाताची सावली धरली, काढली. बाहुली आकसली. औषध अजून लागलंच नव्हतं! पुन्हा धरली, काढली. आकसली, पण कमी. पुन्हा. आता किंचितच. मग एकदा हात काढला, लख्ख उजेड डोळ्यात पडला, तरी बाहुली हलली नाही. मोठी, गोल, सताड उघडी.

"दादा, कॅमेरा! लवकर!"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिरा उमटल्या. एकूण एक शीर, पार टोकापर्यंत.

"आयला!" कुंडलिक ओरडले. "हे तर नदीचं खोरंच की!"

मॅडम धावत आल्या. घड्याळ बघितलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. दुसरा उंदीर, तिसरा, चौथा. कुणाला बावीस लागली, कुणाला अठ्ठावीस, पण उघडली प्रत्येकाची. मॅडमनी भिंतीवरचा कागद टरकन ओढून काढला. "आपण पांढऱ्यांची वेळ काळ्यांना लावत बसलो होतो! थांबायचं कुठल्या पेपरात वाचलंस गं?"

सगळे तिच्याकडं बघत होते.

"वाचलं नाही, मॅडम. माझे वडील शेतकरी नव्हते. मेंढरं राखायचे, धनगरवाड्यावर. मला लाज वाटायची, म्हणून मी अर्जात खोटं लिहिलं. थांबा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, अन् मी त्यांना गप्प केलं." मग ती पडद्यावरच्या शिरांकडं बघत म्हणाली, "आबा, तुमचं बरोबर होतं. जनावराकडं बघायला मला तुमीच शिकवलंत."