सावजी रश्श्याच्या परीक्षेतली ताटली

मी ताटली बोलतेय, उसाच्या चिपाडाची. निदान आज दुपारपर्यंत माझी तशीच समजूत होती.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. जन्मताना कुणाचे डोळे उघडे असतात? पाठीवर हिरवं पान छापलं गेलं आणि खाली 'शंभर टक्के निसर्गाची'. मी विश्वास ठेवला. माणसंही स्वतःबद्दल दुसऱ्यांनी ठरवलेलंच खरं मानतात की.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानातून मला अंकुशने उचललं. त्याची आई सिंधूताई पळसाच्या पत्रावळी लावणाऱ्या बायकांची संस्था चालवते. बाया रामटेककडच्या, विक्री अंकुशकडे. यंदा लग्नांची मोठी ऑर्डर देणारा केटरर म्हणाला होता, "तुमच्या पत्रावळी गळतात. पर्यावरणाचंच, पण न गळणारं दाखवा. आज संध्याकाळपर्यंत सांगा." म्हणून बाजारातल्या सगळ्या स्पर्धक ताटल्यांना या घरी आणलं गेलं. जो जिंकेल त्याच्यावर संस्थेचं नाव लागणार होतं आणि पत्रावळी बंद.

परीक्षा अस्सल नागपुरी. आम्हाला ओट्यावर रांगेत मांडलं आणि वरून उकळता सावजी रस्सा ओतला. अंकुश लॅपटॉपवर टिपू लागला: भाव, मजबुती, दिसणं, गळणं. आम्ही कशाच्या बनलोय, हा रकानाच नव्हता. ते तर छापलेलं होतं ना!

पुठ्ठ्याची ताटली मऊ पडली. पळसाची पत्रावळ टाक्यांतून ठिबकू लागली. मी ढिम्म.

"एक थेंब नाही गळून राहिला, आई!"

सिंधूताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुळसाबाईले, रुखमाबाईले सांगा लागन, आता घरी बसा म्हणून."

"धंदा आहे. रडून कसं चालन?"

मी मात्र फुगले होते. खोटं कशाला बोलू?

अन्न टाकायचं नाही, हा घरचा नियम. सगळे जेवून उठल्यावर अंकुशची नवी बायको पायल मला पुढ्यात घेऊन बसली. नवी सून शेवटी जेवते आणि कमी बोलते. तळाला चिकटलेला मसाला तिने भाकरीच्या कडक काठाने खरवडला. घासाबरोबर तोंडात काहीतरी आलं. तिने ते दोन बोटांनी ओढलं, तर माझ्या अंगावरून पारदर्शक कातडं निघतच आलं.

प्लॅस्टिक! माझ्या अंगावर! माझ्या!

"आई, हे पाहा."

अंकुश गोरामोरा झाला. मग म्हणाला, "लग्नात कोण खरवडून खाते वं? कोणाले दिसणार आहे?"

हा धक्का पहिल्याहून मोठा होता.

"मले दिसलं ना," पायल म्हणाली. "माझ्या तोंडात आलं."

सिंधूताईंनी केटररला फोन लावला. "भाऊ, आमची पत्रावळ गळते. रश्श्यासाठी एकीखाली एक अशा दोन लावून देऊ, भाव एकीचाच. पण तिच्यात दुसरं काही निघणार नाही."

पलीकडून आवाज आला, "आधी एका लग्नापुरत्या पाठवा. पाहू."

गळकी पत्रावळ परसातल्या खड्ड्यात गेली. तिची माती होईल. मी परत ओट्यावर आहे, अर्धी सोललेली. खड्डा मला पचवणार नाही, चुलीत घालाल तर धूर तुमच्याच छातीत जाईल. एकच विनवणी: मला गाईपुढे टाकू नका. तिला वाचता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून तर फसता. पाठीवरचं वाचून झालं, की एकदा पोटावर नख ओढून बघा.